पाच महिने झाले, आईच्या मांडीचं हाड जुळेना. ‘ग्रोथ फॅक्टर’चं इंजेक्शन द्यावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: आई ७१ वर्षांच्या. साडेपाच महिन्यांपूर्वी न्हाणीच्या उंबऱ्याशी अडखळून पडल्या आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. रॉड टाकला. जखम छान भरली, पण ताज्या एक्स-रेत फट तशीच आहे. मधुमेह जुना. एका डॉक्टरांनी ‘ग्रोथ फॅक्टर’ची तीन इंजेक्शनं सुचवली, खर्च ४५ हजार. दुसरे म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करून कमरेचं थोडं हाड काढून फटीत भरू. पुण्याच्या मावसभावाने रोज पोटावर घ्यायचं हाडाचं इंजेक्शन सांगितलं. तिघांपैकी कोणाचं ऐकावं आणि या वयात हाड जुळतं तरी का, असं तुम्ही विचारलंय.

पण माझं लक्ष तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या ओळीवर अडकलं. पडायच्या आधी दोनेक महिने आईंना त्याच मांडीत कळ येत होती, आणि हाडं ठिसूळ म्हणून गेली आठ वर्षं दर रविवारी उपाशीपोटी एक गोळी चालू आहे. ही गोळी बहुधा अलेन्ड्रोनेट असणार. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून पहिलं काम हे करा: डाव्या, म्हणजे धडधाकट मांडीचा खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण एक्स-रे काढून घ्या. या आठवड्यातच.

का ते सांगतो. अलेन्ड्रोनेट आणि त्याच्या कुळातली औषधं हाडाची झीज थांबवतात. पण हाडाची रोजची डागडुजी झीज आणि भर यांच्या जोडीनेच चालते. वर्षानुवर्षं झीज दाबून ठेवली की मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला पडलेली बारीक चीर बुजायची राहून जाते. ती वाढत जाते, मांडी ठणकते, आणि एक दिवस किरकोळ अडखळण्याने हाड खडूसारखं आडवं मोडतं. याला आम्ही ॲटिपिकल फ्रॅक्चर म्हणतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्येच याबद्दल इशारा दिला होता. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ दोन लाख स्त्रियांचा मोठा अभ्यास आला. त्यात असे २७७ फ्रॅक्चर सापडले, म्हणजे हा प्रकार दुर्मीळच. पण गोळी जितकी वर्षं घेतली तितका धोका वाढत गेला होता, आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांत तो गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास पाचपट होता. गोळी थांबवल्यावर तो झपाट्याने उतरलाही. अनेकदा दुसऱ्या मांडीतही तशीच चीर दबा धरून असते. ती आधी दिसली, तर पडण्यापूर्वीच काही करता येतं.

(इथे बाकीच्या वाचकांसाठी एक सूचना. हे वाचून कोणी आपल्या आईची गोळी परस्पर बंद करू नका. या गोळीने वाचलेली खुब्याची आणि मणक्यांची फ्रॅक्चर अशा दुर्मीळ फ्रॅक्चरपेक्षा कितीतरी जास्त असतात. प्रश्न पाच-सात वर्षं कोणी फेरविचार न करता ती चालू राहते तेव्हाचा आहे.)

तुमच्या आईंचं फ्रॅक्चर याच जातीचं आहे असं मी एक्स-रे न बघता म्हणू शकत नाही. पहिल्या दिवशीची फिल्म काढून डॉक्टरांना दाखवा. मोड आडवी आहे का, बाहेरच्या बाजूला हाडावर छोटा उंचवटा आहे का, तुकडे फारसे नाहीत ना, हे ते मिनिटभरात सांगतील. तसं असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं. अशी फ्रॅक्चर मुळातच संथ जुळतात, आणि गोळी अजून चालू असेल तर आपण एका हाताने गाडी ढकलतोय आणि दुसऱ्या हाताने ब्रेक दाबतोय.

आता वयाकडे येतो, कारण ‘वय झालं, आता हाड कुठलं जुळायला’ हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज ऐकू येतं.

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्यातल्या प्लेटलेट्स फुटून संदेशवाहक प्रथिनं सोडतात. हीच ती ग्रोथ फॅक्टर्स. काही प्रथिनं पेशींना बोलावतात, काही नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात, आणि बीएमपी नावाचं कुटुंब आलेल्या पेशींना ‘हाड व्हा’ म्हणून सांगतं. आधी फटीत मऊ कॅलस, म्हणजे नव्या हाडाचा कच्चा सांधा होतो, मग तो कडक होतो. वाढत्या वयात या साखळीची प्रत्येक कडी थोडी सैल पडते. हाडावरचं आवरण पातळ होतं, त्यातल्या कामाच्या पेशी घटतात, रक्तवाहिन्या सावकाश फुटतात, सुरुवातीची सूज वेळेत ओसरत नाही. म्हणजे संदेश कमी पडतो हे खरं, पण तो ऐकणारेही कमी झालेले असतात. नुसता संदेश बाहेरून ओतून भागत नाही, त्याचं कारण हेच.

तरीही म्हातारं हाड मेलेलं नसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांची मोडलेली हाडं चांगली जुळली. क्षमता शिल्लक होती, वातावरण नव्हतं. माणसांतले आकडेही तेच सुचवतात. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांची साधारण १.९ टक्के फ्रॅक्चर न जुळता राहिली होती, आणि वय वाढेल तसा हा आकडा चढतच जातो असं काही त्यात दिसलं नाही. अमेरिकेत २०१६ साली तीन लाखांहून अधिक फ्रॅक्चरचा हिशोब मांडला गेला, तिथे हा आकडा ४.९ टक्के आला. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत फ्रॅक्चरची तीव्रता, तंबाखू, मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि वेदनाशामक औषधं होती. वयाला दोष देऊन मोकळं होणं सोपं असतं, कारण त्यावर कोणाला काही करावं लागत नाही.

म्हणून माझ्या मते तुमचा प्रश्न ‘कुठलं इंजेक्शन’ हा नाहीच. हे हाड नेमकं कशाने अडलंय, हा आहे.

अडण्याची कारणं मी याच क्रमाने तपासतो. आधी जंतू. जखम वरून सुकली म्हणजे आत सगळं स्वच्छ आहे असं नाही. मधुमेह्यांमध्ये मंद जंतुसंसर्ग ताप न येताही महिनोनमहिने टिकतो. सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या, आतली सूज दाखवणाऱ्या दोन स्वस्त तपासण्या करा. त्या वाढलेल्या आल्या तर सगळी इंजेक्शनं बाजूला.

मग हालचाल. रॉड बारीक आहे का, स्क्रू वाकलाय का, दोन टोकांत फट राहिली आहे का? आईंना पाय टेकताना मांडीत दुखतं का? एक्स-रेत टोकांभोवती हत्तीच्या पायासारखा पसरट कॅलस दिसत असेल, तर शरीर हाड बनवतंय, पण ते स्थिर नसल्यामुळे सांधलं जात नाही. अशा हाडात ग्रोथ फॅक्टर टाकणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणं. तिथे घट्ट आधार लागतो: जाड रॉड, कधी जोडीला प्लेट. उलट टोकं पेन्सिलीसारखी निमुळती, कोरडी दिसत असतील तर जैविक मदतीची गरज खरी. शंका राहिली तर सीटी स्कॅन करून घ्या; साध्या एक्स-रेत रॉडच्या सावलीमुळे फसायला होतं.

त्यानंतर रक्त आणि औषधं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड, थायरॉइड, क्रिएटिनिन, एचबीए१सी, अल्ब्युमिन. यादी लांबलचक वाटेल, पण २००७ मध्ये एका अमेरिकी शल्यविशारदाने कारण न सापडता न जुळलेल्या हाडांचे ३७ रुग्ण ग्रंथितज्ज्ञांकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवले, तर ३१ जणांत असा एखादा दोष निघाला; सर्वांत जास्त ड जीवनसत्त्वाची कमतरता. त्यातल्या आठ जणांचं हाड तर फक्त औषधांवर जुळलं, ऑपरेशनशिवाय. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का तेही बघा, स्त्रियांमध्ये ते हाडाला बाधतं. आणि दुखण्यासाठी कोणाकडून बिनलेबलची पुडी आणत असाल तर ती दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

आणि खाणं. आमच्याकडच्या या वयातल्या बायका दोन वेळा पातळ वरण-भात, सोमवार आणि एकादशीला साबुदाणा यावर दिवस काढतात. मग मुलगा प्रेमाने डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप आणतो. आणू दे, काही बिघडत नाही, पण नवं हाड बांधायला रोज प्रथिनं लागतात. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम. घट्ट डाळ, दही, अंडी, पनीर, मासे, जे चालत असेल ते. उपवासाला शेंगदाणे आणि दूध तरी.

आता तुम्ही विचारलेले तीन पर्याय.

जे ‘ग्रोथ फॅक्टर’ ४५ हजारांत सांगितलंय ते बहुतेक पीआरपी असणार. आईंचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट्सचा दाट भाग फटीत सोडतात. नाव भारदस्त आहे, आणि आत पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ ही प्रथिनं असतात हेही खरं. पण हाड व्हायला सांगणारं बीएमपी त्यात नगण्यच. शिवाय प्लेटलेट्स सक्रिय झाल्या की साठ्याचा मोठा भाग पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो. ताज्या जखमेत हा भडिमार शरीर स्वतःच करतं. साडेपाच महिन्यांनी तंतुमय ऊतीने भरलेल्या फटीत सुईने सोडलेला द्रव किती काळ टिकणार? फ्रॅक्चरसाठी पीआरपीच्या पुराव्याचा २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारा एकच छोटा प्रयोग हाती लागला. नंतरही चित्र पालटेल असं ठोस काही आलेलं नाही.

मी स्वतः पीआरपी दिलेलं नाही असं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी, यंत्र नवं होतं आणि उत्साहही, तेव्हा ६८ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या नडगीत मी ते तीनदा दिलं. प्रत्येक वेळी नवीन फिल्ममध्ये मला ‘थोडा कॅलस’ दिसत होता; बघायची इच्छा असली की दिसतो तो. चार महिने असे गेले. शेवटी उघडलं तर खालचे दोन्ही स्क्रू ढिले. हाड तिथे रोज हलत होतं आणि मी वरून प्रथिनं ओतत होतो. जाड रॉड घातला, कमरेचं हाड भरलं, पाच महिन्यांत गडी बांधावर. ते चार महिने मात्र त्यांचे गेले, माझे नव्हेत. वाफसा नसताना पेरणी केली की दुबार पेरणी येते, हे त्यांनीच मला ऐकवलं. तेव्हापासून न जुळलेल्या हाडाला नुसतं पीआरपी मी देत नाही. ऑपरेशनमध्ये ग्राफ्टसोबत, म्हणजे भरलेल्या हाडासोबत, कोणी वापरलं तर माझा विरोध नाही; त्याच्यामुळेच जुळलं असं मात्र म्हणू नये.

खऱ्या अर्थाने हाडाचं ग्रोथ फॅक्टर म्हणजे बीएमपी. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, आणि स्नायूत चक्क नवं हाड तयार झालं. ते घडवणारं प्रथिन आहे हे त्यांनी ताडलं, पण त्याची जनुकं हाती यायला १९८८ उजाडलं. मग ते कारखान्यात बनू लागलं. २००२ च्या मोठ्या चाचणीत नडगी फुटून हाड बाहेर आलेल्या ४५० रुग्णांपैकी ज्यांना जास्त मात्रा मिळाली त्यांच्यात पुन्हा काही करावं लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. २००४ मध्ये अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली. पण नंतर हाडाची पोकळी कोरून घट्ट रॉड बसवलेल्या रुग्णांत तीच चाचणी केली, तेव्हा फायदा जवळजवळ विरला. मला यातून दिसतं ते असं की चांगलं रॉडिंग हीच मोठी जैविक मदत आहे: कोरताना निघणारा हाडाचा चुरा फटीत जातो आणि तोच पेशी आणि प्रथिनांनी भरलेला असतो.

बीएमपीची दुसरी बाजूही आहे. शरीर नॅनोग्रॅममध्ये वापरतं ते आपण मिलिग्रॅममध्ये ओततो. मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळा सुजून श्वास कोंडल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये अमेरिकेत इशारा निघाला. नको तिथे हाड वाढणं, सूज, हेही होतं. आणि त्या ४५० जणांत बहुतेक अपघातातले तरुण होते, ७१ वर्षांच्या मधुमेही आजी नव्हत्या. मी ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरलंय, तेही कमरेच्या दोन्ही बाजू आधीच वापरून संपलेल्या रुग्णांत. ज्यांना कर्करोग आहे किंवा फ्रॅक्चरच्या जागी जंतुसंसर्ग आहे त्यांना देत नाही.

कमरेचं हाड, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचा पर्याय, लोकांना जुनाट वाटतो. पण त्यात जिवंत पेशी आहेत, त्यांना बसायला मचाण आहे आणि संदेशही आहेत, तिन्ही एकत्र, स्वतःचे. कंबर काही महिने दुखते, म्हाताऱ्या हाडात माल कमी निघतो, पुन्हा भूल द्यावी लागते. या अडचणी खऱ्या. तरी ऑपरेशन करायचंच ठरलं तर रॉड बदलणं आणि गरज असल्यास ग्राफ्ट, याच वाटेने मी जाईन. नुसतं ग्राफ्ट, जुना बारीक रॉड तसाच ठेवून, नको.

आणि मावसभावाचं इंजेक्शन. ते टेरिपॅराटाइड. ते ग्रोथ फॅक्टर नव्हे, पॅराथायरॉइड हार्मोनच्या ८४ कड्यांपैकी पहिल्या ३४ कड्या. गंमत अशी की तुमच्या तीन पर्यायांत आईंसाठी मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच, पण तुम्हाला सांगितलेल्या कारणासाठी नाही. हाड लवकर जुळण्याचा पुरावा संमिश्र आहे. २०१० मध्ये मनगट मोडलेल्या १०२ स्त्रियांत रोज २० मायक्रोग्रॅम दिल्यावर जुळण्याचा काळ ९.१ आठवड्यांवरून ७.४ वर आला. ४० मायक्रोग्रॅमने मात्र तसा फरक पडला नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. फ्रॅक्चर जुळवण्यासाठी त्याला मान्यताही नाही, ती ठिसूळ हाडांसाठी आहे. पण आईंची हाडं ठिसूळ आहेतच, फ्रॅक्चर ॲटिपिकल ठरलं तर जुनी गोळी बंद करावीच लागेल, आणि तिच्या जागी झीज दाबण्याऐवजी भर घालणारं औषध हवं. या जागेवर ते नेमकं बसतं. हाड लवकर जुळलं तर तो वरकड फायदा.

ते सुरू करण्याआधी कॅल्शियम, पॅराथायरॉइड आणि क्रिएटिनिन बघायलाच हवं, आणि ड जीवनसत्त्व भरून काढायला हवं. पूर्वी कर्करोगासाठी शेक (रेडिएशन) घेतला असेल किंवा कर्करोग हाडात पसरलेला असेल तर ते चालत नाही. मुतखडा असेल तर आधी सांगा. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. उघडलं की २८ दिवसांत संपवायचं. सुरुवातीला टोचल्यावर चक्कर येते, म्हणून रात्री पलंगावर बसूनच घ्यावं, आणि रात्री उठताना कोणीतरी हात द्यावा. साधारण दोन वर्षांपलीकडे ते देत नाहीत, आणि थांबवल्यावर पुढे काय हा प्रश्न आईंच्या बाबतीत अवघड आहे. तो आजच ग्रंथितज्ज्ञांसमोर मांडून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर डाव्या मांडीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात, पहिल्या दिवशीची फिल्म शोधणं, गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं, मग सीटी. रॉड घट्ट आहे, जंतू नाहीत आणि थोडा का होईना कॅलस पुढे सरकतोय असं दिसलं, तर टेरिपॅराटाइड, ड जीवनसत्त्व, साखर आणि प्रथिनं यांवर आणखी अडीच-तीन महिने थांबायला हरकत नाही. नऊ महिने होईपर्यंत आम्हीही सहसा ‘जुळलंच नाही’ असा शिक्का मारत नाही. रॉड ढिला असेल किंवा फट उघडी असेल तर नऊ महिन्यांची वाट बघण्यात अर्थ नाही, ऑपरेशनच. ४५ हजार दोन्ही वाटांवर उपयोगी पडतील.

डाव्या मांडीत चीर दिसली तर त्याच दिवशी त्या पायावरचा भार कमी करा, वॉकर सोडू देऊ नका आणि फिल्म घेऊन तडक तुमच्या सर्जनकडे जा.

आणखी एक. आई मिश्री लावतात का, ते विचारा. निकोटिन कुठल्याही वाटेने गेलं तरी हाडाच्या रक्तवाहिन्या आवळतंच. फक्त त्या एकट्या असताना विचारा. सुनेसमोर विचारलंत तर माझ्या ओपीडीत मिळतं तेच उत्तर मिळेल, ‘छे, कधीच सोडली.’